ढिगातले मामंजी

चांगुणा रोजच्यासारखी कोंबडा आरवण्याच्या वेळेला उठली. गावात कोंबडा उरला नव्हता, पण वेळ अजून त्याच्याच नावाने मोजली जात होती. रांजणाच्या तळाशी वीतभर पाणी होते. त्यातले तिने तांब्याभर काढून घेतले, घमेल्यावर वाकून तोंड धुतले, त्याच घमेल्यात सासूचे पाय धुतले आणि उरलेले गढूळ पाणी शेळीपुढे सरकवले. शेळीने नाक मुरडले आणि मग सगळे पिऊन टाकले. चूल पेटल्यावर चांगुणाने मिलोच्या तांबड्या पिठाच्या चार भाकरी थापल्या. रेशनच्या दुकानात मिळणारे हे धान्य जहाजातून आलेले होते आणि त्याची भाकरी काठाला हटकून भेगाळे. "साता समिंदराची हाय ती," चांगुणा म्हणे, "आपल्या हाताला कशाला वळंल?" दोन भाकरी सासूसाठी झाकून, दोन ठेच्यासकट फडक्यात बांधून, डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या ट्यूबची टोपणे चढवून ती उजाडायच्या आत घराबाहेर पडली. नवरा दसऱ्यापासून ऊसतोडीला गेला होता. घरात सासरा नव्हता. तो कामावर होता.

हे काम म्हणजे येडशीकडे जाणाऱ्या रस्त्याची खडी फोडणे. साल त्र्याहत्तर, महिना फाल्गुनाचा. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. माळावर शंभरेक टोळ्या बसत. चांगुणाच्या टोळीत पाच जणी होत्या. कारभारीण केशरबाई, आवाजाने आणि अंगानेही थोरली. इरम्मा, कर्नाटकातून इकडे लग्न होऊन आलेली, तंबाखूची डबी आणि झोप यांवर सारखेच प्रेम असलेली. जमिलाबी, विहिरी खोदणाऱ्या घरातली, फार न बोलणारी. साठीला आलेली सारजाबाई, टोळीतली एकटीच ख्रिस्ती. आणि चांगुणा, जिच्या जिभेला मुकादमही वचकून असे.

टोळीने आठवड्याला खडीचा एक ढीग रचायचा असे. चौकोनी, सपाट माथ्याचा, मांडीइतका उंच. शनिवारी मुकादम बशीरभाई फीत लावून लांबी, रुंदी, उंची टिपत आणि मोजलेला ढीग दुसऱ्यांदा मोजला जाऊ नये म्हणून त्यावर चुन्याचे पाणी शिंपडत. ठरलेले माप भरले की टोळी मोकळी. आणि शनिवारी लवकर मोकळे होणे गरजेचे होते, कारण पाण्याचा टँकर गावात शनिवारीच दुपारी दोनला येई. ज्या बायका वेळेवर पोहोचत त्यांना दोन घागरी मिळत. ज्या उशिरा पोहोचत त्यांनी पुढचा आठवडाभर नदीतल्या झिऱ्यावर बसून वाटीवाटीने पाणी गोळा करावे.

या टोळीचे माप मात्र शनिवारी संध्याकाळी भरायचे ते बाराच्या ठोक्याला भरे. ही किमया मामंजींची.

मामंजी हा गुडघाभर उंचीचा, काळा, गोल गरगरीत दगड होता. सोमवारी ढिगाची जागा आखली की पाची जणी पहारी लावून तो मधोमध आणून बसवीत आणि त्याच्याभोवती, वर, खडी रचत. आत बसलेल्या दगडाएवढी मेहनत वाचे, म्हणजे टोळीचा अर्धा दिवस. नाव चांगुणानेच ठेवलेले.

"काम न्हाय, धाम न्हाय," ती म्हणाली होती, "घराच्या मधी बसायचं अन् समद्यांनी भवतीनं राबायचं. सासराच की ह्यो! पदर घ्या गं, मामंजी आले!"

तेव्हापासून दगड लोटताना पाची जणी डोक्यावरून पदर घेत. हसू दाबायलाही तो बरा पडे. शनिवारी माप होऊन बशीरभाई पुढच्या टोळीकडे वळले की ढिगाची मागची बाजू मोकळी करून मामंजींना बाहेर काढायचे, ढीग पुन्हा सारखा करायचा, आणि चुन्याचा पांढरा शिडकावा जिथे मोडला असेल तिथे इरम्माने आपल्या तंबाखूच्या डबीतला चुना लावायचा. गेले चार महिने हा संसार बिनबोभाट चालला होता.

दुपारी भाकरी खाऊन झाली की बायका बाभळीखाली आडव्या होत आणि सारजाबाई एक छोटे पुस्तक काढी. त्याला पुठ्ठा उरलेला नव्हता. मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकताना ते तिला मिळाले होते. त्यानंतर तिच्या आयुष्यात नवरा आला आणि गेला, दोन मुलगे आले आणि गेले, पुस्तक तेवढे राहिले. ती एकेका अक्षरावर बोट ठेवून आधी मनात वाची आणि मग आपल्या शब्दांत सांगे. चांगुणा ऐके, ती खोड काढण्यासाठी.

येशू पाण्यावरून चालत गेला हे ऐकून ती म्हणाली, "त्यात काय मोठं? आमच्या नदीत बी समदं गाव चालतंय."

पाच भाकरींत पाच हजार माणसे जेवली, तेव्हा तिने विचारले, "माप कुनी घेतलं? बशीरभाई हुते का तिथं?"

"चांगुणे, देवाच्या गोष्टीत तरी गप बस की," केशरबाई डोळे न उघडता म्हणाली.

"असू दे," सारजाबाई म्हणाली. "त्याला बी असली मान्सं आवडत हुती. त्याच्याभवती समदी भांडखोरच हुती."

एके दिवशी सारजाबाईने सांगितले की एका मोठ्या माणसाची बारा वर्षांची पोर आजारी पडली. बापाने येशूला बोलावले, पण तो वाटेत असतानाच पोर गेली. घरात रडारड झाली. येशूने पोरीचा हात धरला आणि म्हणाला, पोरी, ऊठ. आणि ती उठली.

चांगुणाने या वेळी खोड काढली नाही. सगळ्यांना सगळे ठाऊक होते. श्रावणात, एकही सर न आलेल्या श्रावणात, चांगुणाच्या चार वर्षांच्या छबीला हगवण लागली होती. चांगुणा तिला पाठीशी बांधून दवाखान्याकडे निघाली. तीन कोसांची वाट होती. अर्ध्या वाटेवर पाठीवरचे ओझे बदलले. वजन तेच, पण धरून राहणारे हात सुटले होते. चांगुणा तिथेच बसली आणि बोरीच्या जाळीकडे तोंड करून ओरडली होती. काय ओरडली ते तिने कोणाला सांगितले नव्हते.

"त्याची उठली," ती आता म्हणाली. "माझी पाठीवरच गेली. माझी का न्हाय उठली?"

सारजाबाईने पुस्तक मिटले. "मला ठाव न्हाय, बाये."

"ठाव न्हाय, मंग वाचता कशाला?"

"माझी दोन बी उठली न्हाईत. म्हनून वाचते."

चांगुणा हातोडी घेऊन उन्हात जाऊन बसली. पुढचे तीन दिवस तिने सारजाबाईकडे पाठ केली. चौथ्या दिवशी, सारजाबाई पुस्तक न काढताच आडवी झाली, तेव्हा ती पाठ न वळवता म्हणाली, "वाचा की. मला ऐकायचं न्हाय, पन ह्या बायांची सवय मोडाया नको."

"माझी झोप मोडती, ती चालती," इरम्मा कुरकुरली.

सारजाबाईने त्या दिवशी येशूच्या मरणाचे सांगितले. चाबूक, खिळे, भर दुपारी पडलेला अंधार. "अन् मंग त्यो मोठ्यानं वरडला. म्हनला, देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?"

चांगुणा वळली.

"कोन म्हनला?"

"येशू."

"देवाचा ल्योक ना त्यो?"

"व्हय."

"अन् देवानं काय सांगितलं?"

"काय बी न्हाय. इथं तरी काय लिवल्यालं न्हाय." सारजाबाईने बोट त्याच ओळीवर ठेवले होते.

चांगुणाने पुस्तकाकडे पाहिले. तिला वाचता येत नव्हते, पण ती त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिली. बोरीच्या जाळीकडे तोंड करून ती हेच ओरडली होती, जवळजवळ याच शब्दांत. सात महिने ती ते पाप म्हणून पोटात घेऊन वावरत होती. देवाला असे विचारल्यामुळेच तर आपण शापित झालो नाही ना, या भीतीने तिने जीभ इतकी धारदार करून ठेवली होती की जवळ येऊन कोणी काही विचारूच नये. आणि इथे हाच प्रश्न चक्क पुस्तकात छापलेला होता. विचारणारा कोणी ऐरागैरा नव्हता.

"म्हंजी त्यालाबी ठावं हाय," ती हळू म्हणाली.

"काय गं?"

"काय न्हाय." तिने पदराने तोंड पुसले. "पुढं वाचा. मेला, मंग?"

"पुरला त्याला. खडकात कोरल्याली कबर, तोंडावर थोरली धोंड. रविवारी भल्या सकाळी तिघी बाया निघाल्या मढ्याला सुगंधी लावाया. जाता जाता इच्यार करत्यात, का आपल्याला ती धोंड कोन लोटून देईल?"

यावर प्रथम केशरबाई उठून बसली. मग जमिलाबी. "पहार न्हवती का त्यांच्याजवळ?" जमिलाबीने विचारले. ती एवढे बोलली हेच नवल होते.

"आपल्याला सांगावा धाडायचा की," केशरबाई म्हणाली. "आपन दर शनिवारी लोटतोय."

"पदर घेऊन!" इरम्मा म्हणाली, आणि बाभळीखाली इतके हसू फुटले की शेजारच्या टोळीने माना वळवल्या.

चांगुणाही हसत होती, पण तिने विचारले, "मंग, कुनी लोटली?"

"बाया गेल्या तवा धोंड आधीच लोटल्याली. आत मढं न्हाय. एक मानूस म्हनला, त्यो उठला. बाया घाबरून पळाल्या, अन्..."

"अन्?"

"पुढचं पान न्हाय."

"न्हाय म्हंजी?"

"पोळ्याला तुझ्याकडं आले हुते, पुस्तक वट्यावर ठेवलं. तुझ्या शेळीनं खाल्लं."

चांगुणा म्हणाली, "घ्या! माझ्या आधी शेळीच किरिस्ताव झाली." क्षणभराने तिने विचारले, "पन त्या पानावर काय हुतं, तुमाला ठावं हाय?"

"पाठ हाय," सारजाबाई म्हणाली, आणि सांगू लागली.

पुढच्या सोमवारी सकाळी पाची जणी मामंजींना पहारी लावत होत्या, तेव्हा चांगुणाने विचारले, "मावशी, तुमचे पाळकसाहेब कवा येनार?"

"या रविवारी. सायकलवर."

"त्यास्नी सांगा, एक नवं गिऱ्हाईक हाय."

सारजाबाईच्या हातातली पहार थांबली. "बाप्तिस्मा घेतीस?"

"घेईन म्हनते. पन बुडवाया पानी कुठलं?"

"तांब्याभर पुरतंय."

"तांब्याभर? माझ्यासारखीला?" चांगुणा म्हणाली. "बघा हं. उतू जाईल येवढी घान हाय."

"पानी तांब्याभर पुरतंय," सारजाबाई गंभीर झाली. "पन ते इचारत्यात, खोटं सोडशील का?"

दोघींची नजर एकदमच खाली गेली. दोघींच्या मध्ये मामंजी होते, काळे आणि निवांत.

"मावशी," चांगुणाने विचारले, "तुमी तर लहानपनापासून त्याच्या. ह्यास्नी लोटताना मनात काय म्हनता?"

सारजाबाईच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर रंग चढला. "माप घेत्यात तवा म्या पाठ करून बसते."

"देवाला पाठीमागचं दिसत न्हाय व्हय?"

"दिसतं. पन त्याला टँकर बी दिसत आसंल, असं म्या धरून चालते."

चांगुणा हसली नाही. टँकर खराच होता. मामंजी गेले तर अर्धा दिवस जाणार, अर्धा दिवस गेला तर पाची घरांच्या घागरी कोरड्या राहणार. एकटीच्या विश्वासासाठी पाच घरांची तहान वाढवायची, हे तिला बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी करण्याजोगे काम वाटेना. मामंजींना आत ठेवून पाळकसाहेबांसमोर 'सोडीन' म्हणायचे, तेही वाटेना. तिने पहार टेकवली आणि दगडाभोवती एक फेरी मारली, सासऱ्याची नाडी पाहावी तशी.

"आज ह्यास्नी आत बसवायचं न्हाय," ती म्हणाली.

"मंग कुठं बसवायचं? माझ्या डोस्क्यावर?" केशरबाई म्हणाली.

"बाभळीखाली ऱ्हाऊ द्या. दुपारच्याला म्या फोडते."

केशरबाईने कमरेवर हात ठेवले. "ह्ये बघ. येशूची हो, न्हायतर आनि कुनाची हो. पन शनिवारी माप कमी भरलं, तर म्या तुझ्या घागरी फोडीन, सांगून ठेवते."

"फोड. रिकाम्याच आसतील," चांगुणा म्हणाली.

दुपारी सगळ्या आडव्या झाल्यावर तिने घण उचलला. पहिल्या दिवशी मामंजींवर एक पांढरा ओरखडाही नीट उठला नाही. घण टणकन उडून परत येई आणि हाताला खांद्यापर्यंत झिणझिण्या. "चार महिने बसून खाल्लंय," ती दगडाला म्हणाली, "अंगात येवढी ताकद कशानं ऱ्हाईली?" दुसऱ्या दिवशीही तेच. तळहाताला फोड आले, फुटले. सारजाबाई पुस्तक न वाचता तिच्याजवळ बसून राहिली आणि तिच्या डोक्यावर आपल्या पदराची सावली धरत राहिली.

तिसऱ्या दिवशी जमिलाबी उठून आली. तिने दगडावर थुंकी लावून बोटाने पुसले, चारी बाजूंनी डोळा बारीक करून पाहिले आणि एका फिकट रेषेवर नख ओढले. "ही नस," ती म्हणाली. "हितं मार. दुसरीकडं कितीबी मारलंस तरी त्यो हसंल."

सातव्या घावाला मामंजी दुभंगले. आवाज असा झाला की इरम्मासुद्धा जागी झाली.

"गेले?" तिने विचारले.

"गेले," चांगुणा म्हणाली.

केशरबाई एका कुशीवर झोपेचे सोंग घेऊन पडली होती. ती उठली, जवळ आली, दोन भकलांकडे बघत उभी राहिली. आतून दगड निळसर आणि स्वच्छ होता. "माझा खरा सासरा मेला, तवाबी मला येवढं वाईट वाटलं न्हवतं," ती म्हणाली. मग चांगुणाच्या हातांकडे तिचे लक्ष गेले. तिने तो घण ओढून घेतला. "सरक. शनिवार काय तुझी वाट बघत बसनार हाय?"

गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी बाभळीखाली कोणीच झोपले नाही. इरम्मानेही डबी बाजूला ठेवली, पण खडी तिने आपल्या परीने फोडली, म्हणजे थोडी. दगड फुटल्यावर अख्ख्यापेक्षा जास्त जागा व्यापतो, हे त्यांना रोजच्या कामाने ठाऊक होते. तरीही शनिवारी बाराला ढिगाचा एक कोपरा रिकामाच होता. तो भरायला एक वाजला.

दुसऱ्या टोळ्यांचे ढीग मोजून बशीरभाई पोहोचले तेव्हा दोन वाजत आले होते. त्यांनी फीत लावली. लांबी टिपली, रुंदी टिपली. सारजाबाई या खेपेला ढिगाकडे तोंड करून बसली होती. उंची घेताना बशीरभाईंनी हातातली छडी सवयीने ढिगाच्या मधोमध खुपसली. ती सरसर आत गेली, वीतभर, हातभर, पार जमिनीला टेकली. त्यांनी छडी बाहेर काढली, तिच्याकडे पाहिले, मग पाची जणींकडे पाहिले.

"मामंजी दिसत न्हाईत आज," ते म्हणाले. "तब्येत बरी हाय ना त्यांची?"

इरम्माची डबी हातातून पडली.

"तुमाला ठावं हुतं?" चांगुणाने विचारले.

"आता बाई, डबीतला चुना अन् सरकारी चुना, रंगात फरक ऱ्हातो का न्हाय?" बशीरभाई वहीत लिहीत राहिले. "चार महिने बघतोय. म्हनलं, म्हातारा मानूस हाय, बसला तर बसू द्यावं. कुठं गेले?"

"ढिगातच हायेत," चांगुणा म्हणाली. "पन आता समद्यासंगं काम करत्यात."

बशीरभाईंनी मान डोलावली, माप पुन्हा एकदा वाचले, ते पुरे असल्याचे सांगितले आणि चुन्याचे पाणी शिंपडून पुढच्या टोळीकडे निघून गेले.

पाची जणी गावाकडे अक्षरशः धावल्या. टँकर निघायच्या बेतात होता आणि रांगेत त्या शेवटच्या. प्रत्येकीच्या वाट्याला दोनऐवजी दीड घागर आली. केशरबाई घरापर्यंत बडबडत होती. येशूची, टँकरवाल्याची आणि चांगुणाची अशी तिघांची तिने एका दमात खरडपट्टी काढली. मग वळणावर थांबून म्हणाली, "उद्या किती वाजता हाय तुझं ते?"

"सकाळी. सारजामावशीच्या अंगनात."

"मी येनार न्हाय," केशरबाई म्हणाली. "पन लुगडं धुतल्यालं नेस. आमच्या टोळीची अब्रू हाय." आणि ती गेली.

घरी आल्यावर चांगुणाने पाणी गाळून रांजणात ओतले. सासूला प्यायला दिले, शेळीला तिच्या वाटणीचे दिले. मग तांब्या राखेने घासला, फडक्याने कोरडा पुसला आणि रांजणातून काठोकाठ भरून घेतला. सासूने विचारले, ह्ये कशाला? "उद्याला लागंल," ती म्हणाली. तांब्या तिने देवळीत ठेवला, त्यावर ताटली झाकली, आणि ताटलीवर पदराच्या गाठीतून आणलेला मामंजींचा एक निळसर तुकडा ठेवला. शेळीचा भरवसा नव्हता.